नोबिताची आई आणि आपल्या घरातली आई

(शिरूर आणि दौंड येथील पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दुपारचे साडेचार वाजलेले असतात. शाळेतून आलेले दप्तर कोपऱ्यात पडलेले असते, ताटातली पोळी तशीच असते आणि मुलाचे डोळे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खिळलेले असतात. पडद्यावरची आई हिंदीत विचारते, गृहपाठ केलास का? नेमक्या त्याच क्षणी स्वयंपाकघरातून मराठीत तोच प्रश्न येतो. मूल खुदकन हसते. घोडनदीच्या पेठेतले घर असो, रांजणगावच्या कारखान्यातल्या कामगाराचे असो वा दौंडच्या रेल्वे वसाहतीतले, हे दृश्य ओळखीचे आहे. मूल नेमके कोणाला हसले, हा आजचा विषय आहे.

शिरूर तालुक्याला एक वेगळाच मान आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दूरचित्रवाणी संच तयार होतात. संच इथला, त्यात दिसणारे घर मात्र जपानचे. ‘डोरेमॉन’ची चित्रकथा जपानमध्ये १९६९ च्या अखेरीस सुरू झाली आणि २००५ च्या सुमारास ती हिंदी बोलत भारतीय घरांत शिरली. ‘शिनचॅन’ २००६ साली आला. त्याच्या आईवडिलांशी बोलण्याच्या तऱ्हेवरून देशभर तक्रारी झाल्या, २००८ मध्ये मालिका बंद झाली आणि पुढच्याच वर्षी काटछाट होऊन परतली. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतला ‘डोरेमॉन’ थांबवला. तिथली तक्रार अशी की मुले बंगाली सोडून हिंदी बोलू लागली आहेत. आपल्याकडेही पाच-सहा वर्षांचे मूल आजीकडे हिंदीत पाणी मागते. त्याचे कौतुक करावे की खंत, हे ज्याने त्याने ठरवावे. खंत करणाऱ्यांत आजी पहिली असते.

बंदीने शब्द बदलतात. घर बदलत नाही. म्हणून त्या मालिकेतले घर एकदा नीट पाहिले पाहिजे.

नोबिताची आई कशी आहे? ती दुष्ट नाही. ती स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, बाजारात जाते आणि मुलाला शून्य गुण मिळाले की समोर बसवून लांबलचक बोलते. पण जवळजवळ प्रत्येक भागात तिच्या वाट्याला अभ्यासाचा तगादाच येतो. वडील नोकरीवरून थकून येतात, वर्तमानपत्र उघडतात, आईने हाक मारली की तेही दोन शब्द बोलतात. मूल उत्तरपत्रिका लपवते. मित्र जियान सगळ्या गल्लीला दमात घेतो, पण स्वतःच्या आईपुढे त्याची बोबडी वळते. ती किराणा दुकान चालवते, त्याला गल्ल्यावर बसवते, माल पोहोचवायला पिटाळते आणि चुकला तर कान धरून घरी नेते. शिरूरच्या बाजारपेठेतल्या कित्येक दुकानदारांना हे घर परके वाटणार नाही. शिझुका हुशार आणि नीटनेटकी, पण पियानोची शिकवणी तिला चुकत नाही.

हे जपान त्या काळचे आहे, जेव्हा नोकरदार बाप दिवसभर घराबाहेर असे आणि परीक्षेतले यश हेच घराचे भांडवल झाले होते. मुलाच्या अभ्यासामागे हात धुऊन लागणाऱ्या आईला जपानी भाषेत ‘क्योइकु मामा’, म्हणजे शिक्षणाने झपाटलेली आई, असे नावच पडले. आज दौंडहून पहाटेची गाडी पकडून पुण्याला नोकरीस जाणारा आणि रात्री परतणारा बाप त्याच चौकटीत बसतो. रांजणगावात पाळीवर जाणाऱ्याची तर मुलाशी जागेपणी भेट होणेही कठीण. मग आईच्या वाट्याला तगाद्याशिवाय काय उरते? चित्रकाराने आईचे विडंबन केले असे म्हणण्यापूर्वी, त्याने जे पाहिले तेच काढले, हे मान्य करावे लागेल.

स्वदेशी मालिकांकडे अभिमानाने पाहावे, आणि पाहावेच. २००८ साली आलेला ‘छोटा भीम’ हैदराबादेत घडला. धोतर नेसलेला, लाडू खाणारा, दुर्बलांच्या मदतीला धावणारा नायक मुलांना मिळाला. पण ढोलकपुरात आईबाप कुठे आहेत? टुनटुन मावशी लाडवांची राखण करते, भीमची आई कधीमधी दिसते आणि पोरे राजाच्या दरबारात सरळ ये-जा करतात. २०१२ साली आलेले मोटू आणि पतलू तर संसाराविना वाढलेली प्रौढ मुलेच. कुटुंबव्यवस्थेचा एवढा गौरव करणाऱ्या देशात मुलांसाठी चित्रपट्टी काढणाऱ्यांनी कुटुंबच वगळावे, हे नवल आहे. परक्यांनी आईला कजाग दाखवले ही तक्रार करताना आपण तिला दाखवलेच नाही, हेही सांगायला हवे.

अपवाद आहे, आणि तो पुण्याचाच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला. चिंटूचे आईवडीलही रागावतात, अभ्यासाला बसवतात. पण तिथे मुलाचे उत्तर ऐकून मोठी माणसे निरुत्तर होतात आणि दुसऱ्या दिवशी घर पुन्हा तेच, आपले असते. त्या तीन-चार चौकटी वडील आणि मुलगा एकाच वर्तमानपत्रात वाचत. आता वडील भ्रमणध्वनीवर आणि मूल दुसऱ्या पडद्यावर असते.

त्याही आधीची आई आठवते ती साने गुरुजींची. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली गेली, आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ती आई काही मवाळ नव्हती. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला तिने छडीने हाणले आणि विहिरीवर धाडले. पण परत आल्यावर पाठीवरच्या वळांवर हात फिरवणारी आणि दही काढून देणारीही तीच होती. आजच्या पुष्कळ घरांत छडी गेली, हे बरेच झाले; पण संध्याकाळचा तो हातही तिच्याबरोबर गेला, त्याची भरपाई शिकवणीच्या शुल्काने होत नाही.

पालक इतके घट्ट का धरतात? भीतीने. ‘फाइंडिंग निमो’ या २००३ च्या अमेरिकन चित्रपटातला मासाबाप पत्नी आणि इतर अंडी गमावून बसलेला आहे. उरलेल्या एका पिल्लाला तो डोळ्याआड होऊ देत नाही आणि त्या जाचाला कंटाळूनच पिल्लू नको तिकडे पोहत जाते. भीमा-घोडच्या काठची भीती निराळी. वाटण्या होऊन शेत गुंठ्यांवर आले, कायमची नोकरी दुर्मीळ झाली, कंत्राटी कामाचा भरवसा नाही. म्हणून मुलगा दहावी झाला की लातूर, त्याहून पैसा असेल तर कोटा. त्या कोटा शहरात ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा प्रशासनाला वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचे आदेश काढावे लागले, म्हणजे गळफास घेणाऱ्या मुलाचा भार पंखा पेलणार नाही. उत्तरपत्रिका लपवणाऱ्या नोबिताच्या खोलीतल्या कपाटात डोरेमॉन असतो. त्या खोल्यांमध्ये कोणी नव्हते.

रांजणगावच्या महागणपतीला दर चतुर्थीला रांग लागते. त्या स्थानाची कथा सर्वांना ठाऊक आहे: त्रिपुरासुराशी लढायला निघालेल्या महादेवांना यश येईना, तेव्हा त्यांनी गणेशाची आराधना केली आणि मगच विजय मिळाला. ज्या पित्याने रागाच्या भरात मुलाचे मस्तक उडवले होते, तोच पिता पुढे मुलापुढे हात जोडतो. ही कथा तालुक्याच्या दारात आहे. ती मुलांना सांगितली जाते, बापांनाही सांगायला हरकत नाही.

आणि एक कथा त्या ‘डोरेमॉन’मधलीच. नोबिताचे वडील एका रात्री मद्य पिऊन घरी येतात, कोणाचे ऐकत नाहीत. त्यांना रागावेल असे कोण आहे, असा विचार करून मुले त्यांना काळाच्या यंत्रातून मागे, त्यांच्या दिवंगत आईकडे नेतात. आईला पाहताच तो मोठा माणूस तिच्या कुशीत तोंड लपवून रडू लागतो, कचेरीतल्या वरिष्ठाची गाऱ्हाणी सांगतो. दोघे पोरे ते पाहतात आणि त्यांना मोठ्या माणसांची कीव येते, कारण त्यांच्यावर माया करणारे त्यांच्याहून मोठे कोणी उरलेले नसते. ज्या मालिकेवर आईबापांची टवाळी केल्याचा आरोप होतो, तिच्यात हेही आहे. शेजारी बसून पाहणाऱ्यालाच ते सापडते.

वेळ संपत आली आहे. आता प्रश्न मातांनी विचारावेत. मागच्या रांगेत बसलेल्या मुलांनीही विचारावेत, आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर व्यासपीठावरून नव्हे, शेजारी बसलेल्या वडिलांनी द्यावे.