पायांविना उडी

पावसाळ्याच्या रात्री ओसरीवरील दिव्याभोवती जे असंख्य कीटक जमतात, त्यांत लांबट अंगाचा, तपकिरी अथवा काळसर रंगाचा एक भुंगेरा कधी कधी उताणा पडलेला आढळतो. त्याचे आखूड पाय हवेतच हलत राहतात, आणि आता याची धडगत नाही असे पाहणाऱ्यास वाटते न वाटते तोच ‘टक्’ असा स्पष्ट ध्वनी होऊन तो वीतभर उंच उडतो.

या उडीत पायांचा काहीच वाटा नसतो, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. त्याच्या वक्षाच्या पहिल्या खंडाखाली मागे वळलेला एक काटा असून दुसऱ्या खंडात त्याला नेमका बसेल असा खळगा असतो. उताणा भुंगेरा प्रथम अंगाची कमान करून तो काटा खळग्याच्या कडेवर अडकवितो, आणि स्नायू आकुंचित करीत ताणलेल्या धनुष्याप्रमाणे देहातच शक्तीचा संचय करतो. काटा निसटून खळग्यात शिरला की ती शक्ती क्षणार्धाच्याही अल्पांशात मुक्त होते. इव्हान्स या संशोधकाने १९७२ साली केलेल्या अभ्यासात या उडीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८० पट भरले. खाली येताना पाय जमिनीला लागतील की पाठ, हे मात्र दैवाधीन. म्हणून पुष्कळदा उडी पुन्हा मारावी लागते. शत्रूच्या तावडीत सापडला असता हाच झटका त्याच्या सुटकेस उपयोगी पडतो.

हा भुंगेरा ज्यात मोडतो त्या एलॅटेरिडी नावाच्या कुलात सुमारे १०,००० जाती ज्ञात आहेत. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील काही जातींच्या वक्षावर दोन हिरवट दिवे असतात. त्यांच्याच अभ्यासातून द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास जैवप्रकाश हा रासायनिक क्रियेचा परिणाम असल्याचे दाखविले.

शेतकऱ्यांची फिर्याद आहे ती या कुलातील भुंगेऱ्यांच्या अळ्यांविरुद्ध. तारेसारख्या टणक, पिवळसर अशा कित्येक अळ्यांचा जमिनीत वर्षानुवर्षे मुक्काम असतो, आणि बटाटा, गहू, मका यांची मुळे व कंद त्या पोखरतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जुनी कुरणे नांगरून धान्य पेरले गेले, तेव्हा त्यांचा उपद्रव तेथे फार जाणवला. परंतु त्याच कुलातील कित्येक अळ्या कुजक्या ओंडक्यांत राहून इतर कीटकांच्या अळ्या खातात. सरसकट सर्वांना गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. तेव्हा शेतकरी बंधूंनो, मातीत अशी अळी दिसल्यास औषध ओतण्यापूर्वी ती एखाद्या कृषी महाविद्यालयात दाखवून तिची जात ओळखून घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.