परभणीचं पुणं होऊ द्यायचं का?

(परभणीत झालेल्या युवक-युवतींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'पर्यावरण आणि आपली रोजची वाहतूक'. मी पर्यावरणाची अभ्यासक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळची जिंतूरची. शिक्षण इकडेच झालं आणि गेली दहा-बारा वर्षं पुण्यात नोकरी करते. त्यामुळे मला दोन गोष्टी चांगल्या माहीत आहेत. एक म्हणजे जिंतूर-परभणीचं जाणं-येणं आणि दुसरं म्हणजे पुण्याचं ट्रॅफिक. आज या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बोलणार आहे.

सुरुवात पैशापासून करू, कारण तो सगळ्यांना लवकर समजतो. 2021 मध्ये पेट्रोल शंभर रुपयांकडे सरकायला लागलं तेव्हा देशभरच्या बातम्यांत परभणीचं नाव आलं. महाराष्ट्रात सगळ्यात महाग पेट्रोल कुठे, तर परभणीत. आपलं पेट्रोल मनमाडच्या डेपोतून टँकरने येतं, सुमारे तीनशे किलोमीटर. त्या टँकरचं भाडं लिटरमागे आपणच भरतो. ज्या जिल्ह्यात हाताला काम कमी, तिथेच गाडी चालवणं इतकं महाग.

एक साधा हिशेब करा. पेट्रोल 105 रुपये लिटर धरा, बाईकचं ॲव्हरेज 50 धरा. किलोमीटरला दोन रुपये दहा पैसे झाले. रोज वीस किलोमीटर फिरणारा पोरगा महिन्याला साडेबाराशे रुपये नुसतं पेट्रोल जाळतो. गाडीचा हप्ता, ऑइल, टायर, इन्शुरन्स वेगळं. आता त्या वीस किलोमीटरमधले किती कामाचे आणि किती स्टेशन रोड ते गांधी पार्क, गांधी पार्क ते दर्गा रोड असे उगाच मारलेले चक्कर, हे त्याचं त्याने ठरवावं.

आता धुराचा हिशेब. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे बाईकवर एकटा माणूस किलोमीटरला 46 ग्रॅम. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या कारमध्ये एकटा माणूस 150 ग्रॅमच्या वर. आणि आपली लाल परी? डिझेलचे लिटरमागे 2.7 किलो धरा, एसटीचं ॲव्हरेज पाच धरा, आत चाळीस माणसं धरा. माणशी 13-14 ग्रॅम. बस अर्धी रिकामी असली तरी 27. जी एसटी काळा धूर सोडते म्हणून आपण नाकाला रुमाल लावतो, तिच्यात बसलेला माणूस कारमधल्या एकट्या साहेबापेक्षा पाच ते दहा पट स्वच्छ प्रवास करत असतो.

आता पुण्याकडे येते. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. कामगार, प्राध्यापक, विद्यार्थी, सगळे सायकलवर. मग शहर पसरलं. घर एकीकडे, नोकरी दुसरीकडे. बस वेळेवर मिळेना म्हणून लोकांनी स्कूटर घेतल्या. स्कूटर वाढल्या म्हणून सायकलवाल्यांना रस्त्यावर भीती वाटायला लागली, मग त्यांनीही स्कूटर घेतल्या. पगार वाढले, कार आल्या. कारसाठी रस्ते रुंद झाले, पूल झाले आणि फुटपाथ आक्रसले. 2018 मध्ये आरटीओच्या नोंदीत वाहनं 36 लाखांच्या वर गेली. शहराची लोकसंख्या तेव्हा 35 लाखांच्या आसपास धरली जात होती. म्हणजे माणसांपेक्षा गाड्या जास्त.

हे एका दिवसात झालं नाही आणि कुणी वाईट हेतूनेही केलं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला. सगळ्यांचे शहाणपणाचे निर्णय एकत्र आले आणि शहर अडकलं. कोंढव्यातून हिंजवडीला जायला गर्दीच्या वेळी दीड तास सहज जातो. कंपनीच्या बसच्या खिडकीतून बाहेर बघितलं की कारच्या रांगा दिसतात आणि बहुतेक कारमध्ये एकच माणूस असतो.

पुणे आता मागे फिरायचा प्रयत्न करतंय, आणि ते किती अवघड असतं तेही बघा. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट रस्त्यावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. बसला वेगळी लेन. पुढे तिच्याच लेनमध्ये खासगी गाड्या शिरल्या आणि नगर रोडवरचा बीआरटीचा काही भाग तर नंतर काढूनच टाकला. 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यावर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मेट्रोला 2016 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, एकतीस किलोमीटरसाठी 11,420 कोटी रुपये. 6 मार्च 2022 ला ती धावायला लागली. मेट्रो चांगली आहे, मी वापरते. पण एकदा गमावलेली सवय परत आणायला किती पैसा लागतो, हे त्या आकड्यावरून समजून घ्या. परभणीला असे हजारो कोटी कुणी देणार नाही. म्हणून परभणीने सवय गमावूच नये.

आपल्याकडे काय आहे? 2011 च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाख सात हजार होती. आज ती वाढली असेल, पण शहर अजून आवाक्यात आहे. बाजार, शाळा, दवाखाना, मशीद, स्टेशन, बसस्टँड, बहुतेक कामं दोन-तीन किलोमीटरच्या आत. इतकं अंतर सायकलवर दहा-पंधरा मिनिटांचं. शेअर रिक्षा आहेत. पूर्णा, सेलू, मानवत रोड, गंगाखेड इथे रेल्वे थांबते. जिंतूर, पाथरीला रेल्वे नाही, पण एसटी आहे. आणि सार्वजनिक बस आपल्या मुलखाला नवी नाही. 1932 मध्ये निजाम सरकारने रेल्वेच्या हाताखाली 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. आपण तेव्हा त्याच राज्यात होतो. 1961 मध्ये मराठवाड्याची बससेवा आजच्या एसटी महामंडळात आली. ही सोय आपल्या आज्या-आजोबांनी वापरली, आपल्या कराच्या पैशातून उभी राहिली. ती गरिबाची म्हणून कमी लेखू नका.

आता मुलींबद्दल, कारण हे बोलले नाही तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. परभणीत एखाद्या मुलीला 'स्कूटी सोड, पर्यावरण वाचव' असं मी सांगणार नाही. आपल्या घरांमध्ये मुलीची स्कूटी म्हणजे कॉलेज असतं, क्लास असतो, नोकरी असते. भाऊ मोकळा आहे का, अब्बा सोडतील का, हे न विचारता घराबाहेर पडता येणं असतं. किती मुलींचं शिक्षण मार्कांमुळे थांबलं आणि किती मुलींचं 'जाणार कशी?' या प्रश्नामुळे थांबलं, हे आपापल्या मोहल्ल्यात मोजून बघा.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बस नीट हवी, रस्त्यावर दिवे हवेत, फुटपाथ हवा. मग गाडी सोडा म्हणण्याचा अधिकार मिळतो. काही चांगल्या गोष्टी झाल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या जिल्ह्यातही गावातल्या मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या बस आल्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. पण बसची वेळ आणि कॉलेज सुटायची वेळ जुळली नाही, तर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? वेळ जुळवणं हे कार्यकर्त्यांचं काम आहे. पंचवीस मुलींच्या सह्यांचं निवेदन घेऊन आगार व्यवस्थापकाकडे जा. कॉलेजच्या वेळापत्रकाची प्रत जोडा, पोच घ्या, पंधरा दिवसांनी परत जा. मोर्च्यापेक्षा हे कंटाळवाणं आहे, पण बसची वेळ अशीच बदलते.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल नेहमी विचारतात, 'वीज तर कोळशाचीच ना, परळीची?' प्रश्न बरोबर आहे. हिशेब असा. ई-स्कूटरला शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट लागतात. आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे किलोमीटरला 21 ग्रॅम, पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. गल्लीतल्या हवेत धूर शून्य. पण ई-स्कूटरलाही रस्त्यावर तेवढीच जागा लागते. पेट्रोलच्या सगळ्या गाड्या उद्या इलेक्ट्रिक झाल्या तरी पुण्याचं ट्रॅफिक एक इंचही कमी होणार नाही. गाडी घ्यायचीच असेल तर इलेक्ट्रिकचा विचार करा, पण चालणं, सायकल आणि बस यांची जागा ती घेऊ शकत नाही.

इथे एक रोजगाराचा मुद्दा आहे. आपल्या पोरांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवलं जातं. मला तो शब्द शिवी वाटत नाही. शहर चालतं ठेवणारे हात आहेत ते: रिक्षावाले, मेकॅनिक, वेल्डर, टायरवाले, सायकल दुरुस्त करणारे. मला काळजी वेगळी आहे. इलेक्ट्रिक गाडीत कार्बोरेटर नाही, ऑइल बदलणं नाही. आजच्या गॅरेजमधलं निम्मं काम दहा-पंधरा वर्षांत कमी होईल. बॅटरी, मोटर, कंट्रोलर समजणारा मेकॅनिक लागेल. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल' असा दोन वर्षांचा ट्रेड आहे. आपल्या भागात तो कुठे शिकवतात ते विचारा, दहावी झालेल्या पोरांना तिकडे पाठवा. ज्यांच्या हातात आज पाना आहे, त्यांच्याच हातात उद्या मल्टिमीटर असला पाहिजे. नाहीतर बदल येईल आणि कमाई दुसरीकडे जाईल.

आता थोडं आपल्या घरचं. रस्त्याचा हक्क ही गोष्ट आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. वाटेतली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचा भाग आहे, आणि रस्त्यावर बसायचंच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. मग जुम्म्याला मशिदीसमोर तीन-तीन रांगांत लावलेल्या बाईक काय आहेत? त्या वाटेतली त्रास देणारी वस्तूच आहेत. तिथून एखादी अँब्युलन्स जायची असेल, एखादी म्हातारी बाई जायची असेल, तर आपण तिचा हक्क अडवला. निम्मे नमाजी पाच मिनिटांच्या अंतरावर राहतात. ते पायी आले तरी रस्ता मोकळा राहील. हे काम सरकारचं नाही, पोलिसांचं नाही. चार तरुणांनी मशीद कमिटीशी बोलून पुढच्या जुम्म्यापासून सुरू करावं.

दुसरी गोष्ट हुंड्याची. 'आम्हाला काही नको, फक्त मुलाला येण्या-जाण्याला गाडी द्या.' हे वाक्य इथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. मुलीचा बाप कर्ज काढतो, जावई बुलेटवर फिरतो आणि इतकं महाग पेट्रोल त्यात टाकतो. गाडी ही इज्जत झाली की ती गरज राहत नाही. 'पायी आला' हा टोमणा आपण बंद केला, तर अर्धी लढाई तिथेच संपते. निकाहाला चाळीस गाड्यांची वरात नेण्यापेक्षा दोन बस नेल्या तरी कबूल तितकाच पक्का असतो.

आणि जीव. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली जवळपास 44 टक्के दुचाकीवरची आणि 19 टक्के पायी चालणारी. ही आपल्याच वर्गातली, आपल्याच वयाची माणसं आहेत. आपल्या ओळखीत असं एखादं घर नाही असा माणूस मला इथे सापडणार नाही. हेल्मेट घाला, हे मी भाषणात सांगते म्हणून नव्हे, घरी कुणीतरी दार उघडायला बसलेलं असतं म्हणून.

शेवटी, जाण्याआधी तीन कामं देते.

पहिलं, तीस दिवस वहीत लिहा: कुठे गेलो, किती किलोमीटर, कशाने, खर्च किती. महिन्याच्या शेवटी दोन किलोमीटरच्या आतले फेरे मोजा आणि त्यातले निम्मे पायी किंवा सायकलने करा. उन्हाळ्यात परभणीचं ऊन बेचाळीसच्या वर जातं, तेव्हा दुपारी सायकल चालवा असं मी म्हणणार नाही. पण सकाळ आणि मगरिबनंतरचा वेळ आपल्याकडे बारा महिने आहे.

दुसरं, आपल्या वॉर्डातला एक रस्ता निवडा. शाळेकडे जाणारा असेल तर उत्तम. त्यावर फुटपाथ किती, दिवे किती बंद, कुठे झाड हवं, याचा नकाशा काढा आणि लेखी अर्जासह महापालिकेत द्या. रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना द्यावी, हे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात लिहिलेलं आहे. त्याचा हवाला अर्जात द्या. आपण आपल्या मोहल्ल्यासाठी मागितलेला फुटपाथ शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसालाही चालायला मिळतो. नागरिक म्हणून काम करण्याचा यापेक्षा सरळ मार्ग मला माहीत नाही.

तिसरं, बसच्या वेळेचं निवेदन. ते मुलींनी लिहावं, मुलांनी सोबत जावं.

परभणी लहान आहे, गरीब आहे, मागे आहे, असं आपण रोज ऐकतो. या एका बाबतीत आपण मागे असण्याचा फायदा आहे. पुण्याने कुठे चूक केली ते आपल्याला दिसतंय आणि आपला रस्ता अजून भरलेला नाही.

वहीचा महिना उद्यापासून धरा. पुढच्या बैठकीत मी आकडे विचारणार आहे.