ताप नव्हे, तापणं



मेंदूच्या दुखापतीनंतरच्या पुनर्वसनावर या परिषदेत दोन दिवस बोललं जाणार आहे. चालणं, बोलणं, स्मरण, झटके, कामावर परतणं, सगळं कार्यक्रमपत्रिकेत आहे. जे त्यात नाही त्यावरच बोलावं, असं मी ठरवून आले आहे.

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या ओपीडीत यवतमाळकडचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा आला होता. आठ महिन्यांपूर्वी मोटरसायकलवरून पडला होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. एकोणीस दिवस आयसीयूत काढून तो वाचला आणि आता काठी टेकत चालत होता. बायको सोबत होती. तिच्या पिशवीतून तीन वस्तू बाहेर आल्या : प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ओला पंचा, पाण्याची बाटली आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात स्वेटर कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, एसटीत पंचा लागतो. तुमच्या एसीच्या खोलीत आलं की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. गावात सगळे म्हणतात, नाटकं करतो."

मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. उजवी, म्हणजे अधू बाजू घामाने चिंब होती, डावी जवळजवळ कोरडी. गेल्या चार महिन्यांत त्याला तीनदा मलेरियाच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या, रक्तात मलेरिया एकदाही न सापडता. डिस्चार्ज कार्डावर अकरा औषधं लिहिलेली होती, पण उष्णता-थंडीबद्दल एक शब्द नव्हता. ते कार्ड कोणत्या रुग्णालयाचं होतं हे सांगायची गरज नाही, कारण माझ्या सहीची तशीच कार्डं मी वर्षानुवर्षं दिली आहेत.

मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या अगदी वर, जेमतेम चार ग्रॅम वजनाचा हायपोथॅलॅमस असतो. कातडीकडून आणि रक्ताकडून आलेली खबर तो सतत वाचतो. गरम वाटलं तर कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतो, घाम सोडतो. थंड वाटलं तर त्या आवळतो, स्नायूंना कापरं भरवतो. शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखण्याचं हे काम आपल्या नकळत चालतं, म्हणून त्याची किंमत कळत नाही. अपघातात डोक्याला जोराचा हिसका बसतो तेव्हा थेट मार, ताणले गेलेले मज्जातंतू, सूज, कमी पडलेला रक्तपुरवठा, यांतलं काहीही या छोट्या जागेला किंवा तिथून निघणाऱ्या वाटांना इजा करू शकतं. मग सगळं शाबूत दिसणारा माणूस पंख्याखाली गारठतो आणि ऊन लागलं की कोसळतो.

आपल्या भाषेत ताप येणं आणि अंग तापणं हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. वॉर्डात मात्र आपण दोन्हींना एकच नाव देतो. ताप येतो तेव्हा मेंदू स्वतःच काटा वर सरकवतो. जंतुसंसर्गामुळे प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, ३९ अंश हेच योग्य असं शरीराला वाटू लागतं आणि तिथवर पोहोचण्यासाठी माणूस कुडकुडतो. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन कमी करतं आणि काटा खाली आणतं. अंग तापतं तेव्हा गोष्ट निराळी असते. काटा वर चढवलेला नसतो, पण उष्णता बाहेर जायची वाट बंद असते. तिथे पॅरासिटामॉलच्या गोळ्या मोजत बसून फारसं हाती लागत नाही. सावली, वारा आणि ओलं कापड हेच औषध. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांची तापमानं नोंदवून १८६८ साली ग्रंथ लिहिला आणि ताप हा रोग नसून लक्षण आहे हे वैद्यकाला पटवलं. आपण आजही थर्मामीटरवरचा आकडा बघतो आणि हात गोळ्यांकडे जातो.

इथे सावधगिरीचा एक शब्द, विशेषतः तरुण डॉक्टरांसाठी. "मेंदूचा ताप आहे" असं म्हणून मोकळं होऊ नका. हे निदान बाकी सगळं वगळल्यावरच करायचं. लघवीतला संसर्ग, छाती, पायातल्या शिरेतली गुठळी, शस्त्रक्रियेची जखम, मेंदूज्वर, एखाद्या औषधाची प्रतिक्रिया, हे सगळं आधी तपासा. यांतलं काहीच नाही हे नक्की झाल्यावरच मेंदूकडे बोट दाखवा.

आयसीयूत दिसणाऱ्या एका प्रकाराबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तो सर्वांत घाबरवणारा आहे. रुग्ण बेशुद्ध असतो. अचानक नाडी दीडशेवर जाते, रक्तदाब चढतो, श्वास फुलतो, अंग ताठरतं, घामाने चादर भिजते, ताप चढतो. अर्ध्या-पाऊण तासाने सगळं ओसरतं आणि दोन तासांनी पुन्हा सुरू होतं. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९२९ साली असे दौरे वर्णिले तेव्हा ते अपस्माराचा प्रकार समजले. आज आपण त्यांना सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा लगाम सुटणं म्हणून ओळखतो. एका रात्री असाच दौरा थांबेना. आम्ही औषधं चढवत होतो, डोकं पुन्हा स्कॅन करायची तयारी झाली होती. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, त्यांनी पांघरूण बाजूला केलं आणि लघवीची नळी बघितली. ती मांडीखाली दाबली जाऊन दुमडली होती. त्यांनी ती सरळ केली, पिशवीत लघवी भरू लागली आणि वीस मिनिटांत नाडी शंभरावर आली. घशातली कफाची नळी, कूस बदलणं, साचलेलं मलमूत्र, अशा साध्या गोष्टीही हे दौरे पेटवतात. प्रोप्रॅनोलॉल, गॅबापेंटिन, क्लोनिडिन लागतात, ती द्यावीच. पण औषधांआधी पांघरूण बाजूला करावं, हे मी त्या सिस्टरांकडून शिकले.

औषधांचाच विषय निघाला म्हणून सांगते. आपणच दिलेली औषधं घाम अडवतात. लघवीच्या घाईसाठी ऑक्सीब्युटिनिन, ताठरपणासाठी ट्रायहेक्सीफेनिडिल, झटक्यांसाठी किंवा डोकेदुखीसाठी टोपिरामेट. विदर्भात मार्चनंतर यांतलं एखादं औषध सुरू करायचं असेल तर घरच्यांना घामाबद्दल सांगितल्याशिवाय करू नये.

आणि सतत थंडी वाजणारा रुग्ण? त्याच्या पिट्युटरीचा विचार करा. २००७ साली जामा या नियतकालिकात आलेल्या आढाव्यात मेंदूच्या दुखापतीनंतर बराच काळ लोटलेल्या चारपैकी एकाहून थोड्या जास्त रुग्णांत पिट्युटरीचं काही ना काही बिघडलेलं आढळलं होतं. अशा वेळी थायरॉइडसाठी फक्त टीएसएच मागवून भागत नाही. बिघाड वरून, म्हणजे पिट्युटरीतून, असतो तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसू शकतं, म्हणून फ्री टी-४ पाहावं लागतं. सकाळचं कॉर्टिसॉलही तपासावं, आणि ते कमी असेल तर आधी त्याची भरपाई करून मग थायरॉक्सिन द्यावं. ज्या माणसाला दोन वर्षं "आळशी झालाय" म्हणून ऐकावं लागतं, त्याला एका रक्ततपासणीने न्याय मिळू शकतो.

आता घराकडे येते. खरा संसार तिथे आहे.

एक लिटर घाम कातडीवरून उडून जाताना शरीरातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उडून जातो, हे महत्त्वाचं. मुंबईत आणि कोकणात हवा दमट असते, घाम उडत नाही, नुसता टपकतो. टपकलेल्या घामाने अंग गार होत नाही. म्हणून नागपूर, अकोला, चंद्रपूरला जो कूलर आणि ओला पंचा जीव वाचवतो, तो रत्नागिरीत फारसा कामाचा नाही. तिथे वारा आणि शक्य असेल तर एसी हवा. वैदर्भीय घरांत वाळ्याच्या ताट्या लावायचे, त्यामागे पाणी उडून गारवा येण्याचं हेच शास्त्र होतं. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून बरीच गरम झाली की कोरड्या अंगावर नुसता पंखा लावणं म्हणजे अंगावर गरम झळ सोडणं. आधी अंग ओलं करा, मग पंखा लावा.

तहानेचं केंद्रही हायपोथॅलॅमसमध्येच आहे. उष्णता न झेपणाऱ्या माणसाला अनेकदा तहानही कळत नाही. "तहान लागली की पी" हा सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही, त्याला घड्याळ बघून पाणी द्यावं लागतं. मात्र ज्याचं सोडियम खाली-वर होतं, किंवा ज्याला हृदयाचा अथवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्याने किती प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून द्यायला हवं. पन्हं, ताक, पाणी, सगळं त्यातच मोजायचं.

थंडीच्या दिवसांत दुसरा धोका असतो. लुळ्या पडलेल्या बाजूचा हात गार पडतो आणि आई मायेने गरम पाण्याची पिशवी लावून देते. त्या बाजूला अनेकदा संवेदना नसते. फोड आलेला दुसऱ्या दिवशी कपडे बदलताना दिसतो. असे भाजलेले हात मी इतके पाहिलेत की आता प्रत्येक आईला हात जोडून सांगते : पिशवी नको, मोजा घाला, शाल द्या, आणि आंघोळीचं पाणी त्याच्या चांगल्या हाताने किंवा तुमच्या कोपराने आधी बघा. स्वेटर पुढून उघडणारा घ्या. एका हाताने डोक्यातून स्वेटर काढणं जमत नाही, आणि ज्याला दिवसातून सहा वेळा घालावा-काढावा लागतो त्याच्यासाठी हा प्रश्न मोठा असतो.

नोंदवही ठेवा. वेळ, तापमान, त्या वेळी तो काय करत होता, कुठे बसला होता, कोणतं औषध घेऊन किती वेळ झाला. तीन आठवड्यांच्या नोंदींत जे दिसतं ते आमच्या यंत्रांना दिसत नाही. त्या यवतमाळच्या मुलाच्या बायकोने शाळेच्या वहीत लिहून आणलं तेव्हा कळलं, त्याचं अंग दर वेळी फिजिओथेरपीच्या दिवशी तापत होतं. आमची वेळ दुपारी बाराची होती. एसटी स्टँडपासून ओपीडीपर्यंत तो मेच्या उन्हात काठीवर चालत यायचा आणि आल्या आल्या आम्ही त्याला व्यायाम करायला लावायचो. आम्ही वेळ सकाळी आठची केली, त्याला चालू असलेल्या टोपिरामेटच्या जागी दुसरं औषध दिलं, आणि पुढचा महिना अंग न तापता गेला.

मात्र घरच्यांनी एक लक्षात ठेवायचं. तापमान १०४ अंश फॅरेनहाइटच्या पुढे गेलं, किंवा अंग तापून तो नेहमीपेक्षा अधिक गोंधळला, बरळू लागला, सुस्तावला, झटका आला, तर थांबायचं नाही. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखान्यात आणायचं. नेहमीचा गोंधळ आणि आजचा गोंधळ यांतला फरक तुम्हालाच कळतो, आम्हाला नाही. तुम्ही "आज वेगळं आहे" म्हणालात की आम्ही ते ऐकायला हवं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार नोंदलेले आहेत. मेंदूची दुखापत त्यांत स्वतंत्र नावाने नाही. प्रमाणपत्रासाठी हात किती उचलतो, बोलणं किती समजतं हे मोजलं जातं. ऊन सहन होत नाही म्हणून ज्याची शेतमजुरी सुटली, त्याचं नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते बसावं यासाठी या परिषदेने ठराव करावा, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.

दुसरी सूचना तुम्हा प्रत्येकाला, आणि तिला ठराव लागत नाही. परत जाल तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली दोन ओळी वाढवा : "या रुग्णाला उष्णता किंवा थंडी सहन न होण्याची शक्यता आहे. तो तसं म्हणाला तर ते खरं मानावं." सही करण्याआधी त्या ओळी नातेवाइकांना मोठ्याने वाचून दाखवा.