विलायती घरांतील पुडिंग आणि बिस्किटें

विलायतेंतील स्वयंपाकाविषयीं इकडे फारसें चांगलें बोललें जात नाहीं. उकडलेला बटाटा आणि मिठामिऱ्यापलीकडे मसाला न पाहिलेलें मांस, एवढ्यांत त्या देशाची संभावना करून लोक मोकळे होतात. जेवणाच्या पूर्वार्धापुरती ती खरी धरली, तरी उत्तरार्धास ती लागू पडत नाहीं. तेथील गृहिणीची करामत पहावी ती जेवणाअखेरच्या गोडांत आणि चहाबरोबरच्या बिस्किटांत. जेवणाअखेरच्या कोणत्याहि गोड पदार्थास तेथें ‘पुडिंग’ म्हणतात. उलट यॉर्कशायर पुडिंग म्हणून जें ताटांत येतें, तें मुळीं गोडच नसतें आणि मांसाबरोबर खाल्लें जातें. नांवांच्या बाबतींत इंग्रज माणूस तर्काच्या फारसा आहारीं जात नाहीं.

बिस्किटांत मान द्यावयाचा तो स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडला. नववर्षाच्या सणास तें तेथें घरोघर लागतें. त्याचें प्रमाण लहान मुलासहि तोंडपाठ व्हावें इतकें सोपें आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. अंडें नाहीं, दूध नाहीं, फुगविण्याची पूड नाहीं. नानकटाई करणाऱ्या घरास हा मेळ परका वाटणार नाहीं. फरक एवढाच कीं, इकडे तूप आणि तिकडे लोणी. पुणेकरांच्या आवडत्या श्रूजबेरी बिस्किटांचें नांवहि श्रॉपशायर परगण्यांतील श्रूजबेरी गांवावरून आलेलें आहे.

दोन औंस साखर, चार औंस लोणी व सहा औंस मैदा घ्यावा. औंस म्हणजे सुमारें २८ ग्रॅम. मैद्यांतील थोडा भाग काढून तितकेंच तांदुळाचें पीठ घातल्यास खुसखुशीतपणा वाढतो. लोणी व साखर फेसून त्यांत पीठ बोटांच्या टोकांनीं मिसळावें आणि गोळा जेमतेम जमतांच हात आवरावा. कणीक तिंबण्याची संवय येथें घातक ठरते. मैदा जितका मळावा तितका चिवट होतो, आणि शॉर्टब्रेड तर जिभेवर विरघळलें पाहिजे. गोळा थापून वाटोळी जाड पोळी करावी, कांट्यानें टोंचे मारावेत, सुरीनें आठ फांकांच्या रेघा पाडाव्यात आणि भट्टींत मंद आंचेवर, १६० अंश सेल्सियसच्या आंतबाहेर, पाऊण तास ठेवावें. रंग फिकट सोनेरी असतांनाच बाहेर काढावें. फांका गरम असतांनाच कापाव्यात, कारण निवाल्यावर सुरी लावली तर हातीं चुरा येतो.

वाफेवरच्या पुडिंगची गोष्ट निराळी. त्यास भट्टी लागत नाहीं, आणि मोदकपात्राशीं परिचय असलेल्या गृहिणीस त्यांत अवघड कांहीं नाहीं. लोणी, साखर व बेकिंग पावडर मिसळलेला मैदा प्रत्येकीं चार औंस आणि दोन अंडीं एकत्र फेसून तें मिश्रण चिनी मातीच्या खोलगट वाडग्यांत घालतात. वाडग्याच्या तळाशीं आधीं दोन-तीन चमचे गोल्डन सिरप ओततात. साखर शुद्ध करतांना उरणारा हा सोनेरी पाक लंडनमधील अब्राम लाइल यांच्या कारखान्यानें १८८० नंतरच्या दशकांत लोकांपुढें आणला. मिश्रण फुगणार, म्हणून वाडगा कांठोकांठ भरीत नाहींत आणि वरच्या कागदास एक चुणी ठेवून तो सुतळीनें आंवळतात. मग दीड-दोन तास वाफ. पाणी आटूं देऊं नये, आणि घालावयाचें तें उकळतेंच घालावें. शेवटीं वाडगा ताटलींत उलटा केला कीं पाक चारी अंगांनीं खालीं ओघळतो, आणि त्या क्षणासाठीं मुलें मेजाभोंवतीं जमलेलीं असतात.

त्यावर कस्टर्ड ओततात. खरें कस्टर्ड अंड्याचें. परंतु बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीस अंडें सोसत नसे, तेव्हां १८३७ सालीं त्यांनीं मक्याच्या सत्त्वाची बिनअंड्याची पूड तयार केली. महाराष्ट्रांतील शाकाहारी घरांतून आज फ्रूट कस्टर्ड नि:शंकपणें होतें, त्याचें मूळ या पतीच्या काळजींत आहे.

हें सारें ज्या काळीं खरोखर कसोटीस लागलें, तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. ८ जानेवारी १९४० रोजीं ब्रिटनमध्यें लोणी व साखर नियंत्रणाखालीं आलीं. प्रमाणें बदलत गेलीं. परंतु माणशीं आठवड्यास दोन औंस लोणी, आठ औंस साखर आणि एक अंडें, हा पुष्कळ दिवसांचा शिरस्ता होता. वरील शॉर्टब्रेडचें चार औंस लोणी म्हणजे दोन माणसांचा आठवडा. पुडिंगला तितकेंच लोणी, आणि वर दोघांचीं अंडीं! मुलाच्या वाढदिवसास गोड करावयाचें तर आईबापांनीं कित्येक दिवस पाव कोरडा खावा, असा तो हिशेब होता. त्या वर्षीं ऑगस्टपासून केकवर साखरेचें आवरण घालण्यास बंदी झाली, आणि लग्नाच्या केकवर पुठ्ठ्याचा शुभ्र डोलारा ठेवून वेळ साजरी होऊं लागली.

या अडचणींत नभोवाणी गृहिणीच्या मदतीस आली. जून १९४० पासून बी.बी.सी.वर सकाळीं सव्वाआठ वाजतां ‘किचन फ्रंट’ हा पांच मिनिटांचा कार्यक्रम होऊं लागला. मिळेल त्या जिनसांत घर कसें भागवावें, हें त्यांत सांगत. किसलेलें गाजर पुडिंगमध्यें गेलें, कारण त्याच्या अंगच्या गोडीनें साखर वांचते. बटाटाहि गेला. ताज्या अंड्याच्या जागीं अंड्याची भुकटी आली. चव पूर्वीची राहिली असेल असें कोणी म्हणणार नाहीं. पण आठवड्यांतून एकदां तरी मेजावर वाफाळतें पुडिंग यावें, हा हट्ट पुष्कळ घरांनीं सोडला नाहीं.

युद्ध १९४५ सालीं संपलें, नियंत्रणें मात्र संपलीं नाहींत. गोळ्या-चॉकलेटांवरील नियंत्रण ५ फेब्रुवारी १९५३ रोजीं कायमचें उठलें, तेव्हां मुलांनीं दुकानांपुढें रांगा लावल्या. साखर त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोकळी झाली आणि लोणी मे १९५४ मध्यें. नियंत्रण आलें त्या वर्षीं जन्मलेलें मूल तोंवर चौदा वर्षांचें झालें होतें. सकाळच्या पावाचा हिशेब न करतां चार औंस लोणी एकदम वाडग्यांत पडतांना त्यानें पाहिलें तें तेव्हांच.