कुंडीतल्या लिंबावरचा खैऱ्या वेळीच ओळखा



गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत गॅलरीच्या कठड्याला तुळस असते आणि तिच्या शेजारी पुष्कळदा कागदी लिंबाचं रोप. पावसाळ्यात त्याला पालवी फुटते आणि नेमके त्याच वेळी पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागतात. "पाणी जास्त झालं असेल," म्हणून आपण सोडून देतो. पण हा बहुधा खैऱ्या असतो, म्हणजे झँथोमोनास जिवाणूचा रोग.

तो ओळखायचा कसा? पान उजेडापुढे धरा. सुरुवातीला बारीक, तेलकट, पाणीदार ठिपका दिसतो. पुढे तो काताच्या रंगाचा व उंचवट्यासारखा होतो, मधोमध खड्डा पडतो, भोवती पिवळं वलय येतं. पानाच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. दोन्हीकडे खरखरीत लागलं, तर खैऱ्याच समजा. कोवळ्या फांद्या व फळं यांवरही अशाच खपल्या येतात. चंदेरी नागमोडी रेघ मात्र नागअळीची. तिच्या जखमेतून खैऱ्याचे जिवाणू आत शिरतात. ठिपके नसताना शिरांमधला भाग पिवळा पडला, तर ती अन्नद्रव्याची उणीव होय.

हा रोग पावसाच्या उडालेल्या थेंबांबरोबर पसरतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने रोगट झाडं तोडण्याची मोठी मोहीम काढली होती; पण वादळी पावसाने रोग दूरवर नेला आणि २००६ साली ती सोडावी लागली.

आता उपाय. उघडीप असताना रोगट पानं-फांद्या कापा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कचरा कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून घराबाहेर काढा. कुंडी पागोळ्यांपासून आत घ्या. पाणी पानांवर न ओतता बुंध्याशी द्या. नंतर १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून फवारा आणि १५ दिवसांनी पुन्हा फवारा. पाकिटावरच्या सूचना वाचा. तुळस आणि पाण्याचं पिंप आधी दूर करा. जुने डाग जाणार नाहीत, नवी पालवी मात्र वाचेल. माणसांच्या औषधाच्या कॅप्सूल पाण्यात विरघळवून कधीही शिंपडू नका.

डागाळलेल्या फळाचा रस बेलाशक वापरा, माणसाला हा रोग होत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना आपण हौसेने रोप घेऊन जातो. कोकणातल्या परड्यात किंवा घाटावरच्या मळ्यात भावाची फळती लिंबं उभी असतात. कुंडीतला रोग तिथे पोचला, तर नुकसान एका कुंडीपुरतं राहत नाही. म्हणून रोप विकत घेताना आणि गावी नेताना पानं उलटून पाहा. एकही खरखरीत डाग दिसला, तर ते रोप नेऊ नका.