हरणाऱ्या संघाने तारा विकत घ्यावा का?



घरात पैसा बेताचा आहे, छप्पर गळतं आहे आणि चार लोकांत मान राहावा म्हणून एक ठसठशीत दागिनाही हवा आहे. अशा वेळी आधी काय करायचं? छप्पर शाकारायचं की सोनाराकडे जायचं? हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी पडतो. आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, पण हे घर अमेरिकेतलं आहे आणि घर म्हणजे बेसबॉलचा संघ आहे.

कवी माणूस बेसबॉलवर कुठे बोलायला लागला, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण माझा भाचा. तो २००१ पासून डॅलसजवळ नोकरी करतो. तिकडच्या टेक्सास रेंजर्स या संघाचा त्याला नाद लागला आणि दर रविवारच्या फोनवर “मामू, आज पुन्हा हरलो” हे मी इतक्या वेळा ऐकलं की ते हरणं थोडं माझंही झालं. मग मी वाचू लागलो, विचारू लागलो.

आधी त्या खेळाचा हिशेब सांगतो. अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. आपल्या आयपीएलमध्ये खेळाडूंवर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा आहे. तिथे तशी पक्की मर्यादा नाही. ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च केला तर दंडवजा कर भरावा लागतो, एवढंच. त्यामुळे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा शहरांतले श्रीमंत संघ लहान शहरांतल्या संघांच्या कितीतरी पट पैसा ओततात. खेळाडू मात्र मुख्य लीगमधली सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत पहिल्या संघाशी बांधलेला असतो. त्यानंतर तो मोकळा होतो आणि मग बोली लागते.

आता खेळाचा स्वभाव पाहा. क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकर एकदा उभा राहिला की दिवसभर खेळू शकायचा. बेसबॉलमध्ये तसं नाही. नऊ फलंदाज पाळीपाळीने येतात आणि कितीही मोठा फलंदाज असला तरी सामन्यात त्याच्या वाट्याला साधारण चार किंवा पाच पाळ्या येतात. चेंडू फेकणारा, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, पाच-सहा दिवसांतून एकदाच मैदानात उतरतो. आकडेशास्त्राची मंडळी हिशेब करून सांगतात की एखादा फार मोठा खेळाडू सामान्य बदली खेळाडूच्या तुलनेत पूर्ण हंगामात सहा ते आठ विजय जास्तीचे मिळवून देतो. म्हणजे ६५ सामने जिंकणारा संघ ७२ पर्यंत पोचतो आणि तरीही खालीच राहतो. पण ८५ जिंकणारा संघ ९२ वर गेला तर बहुधा बाद फेरीत दाखल होतो. तारा तोच, त्याची किंमत तीच. त्याचा उपयोग मात्र तो कोणत्या घरात आला यावर ठरतो.

गझलेच्या मैफलीत आम्ही हे पाहिलेलं आहे. मोठ्या नावाचा शायर बोलावला की तिकिटं खपतात. पण त्याच्या आधीचे आठ जण रटाळ असले तर तो माइकपाशी येईपर्यंत निम्मा मांडव रिकामा झालेला असतो.

टेक्सासच्या संघाची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. या एकाच संघाने हा प्रश्न दोनदा सोडवायला घेतला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

पहिली वेळ डिसेंबर २००० ची. संघ नुकताच आपल्या गटात तळाला गेला होता. मालक टॉम हिक्स यांनी अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ या पंचविशीतल्या खेळाडूशी दहा वर्षांचा करार केला. रक्कम होती २५ कोटी २० लाख डॉलर. गंमत अशी की १९९८ मध्ये हिक्स यांनी हा अख्खा संघ २५ कोटी डॉलरला घेतला होता, आणि ज्यांच्याकडून घेतला त्या भागीदारांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज डब्ल्यू. बुश होते. एका खेळाडूची किंमत संघाच्या किमतीहून जास्त झाली!

रॉड्रिगेझने काम चोख केलं. तीन हंगामांत १५६ होमरन मारले. २००३ मध्ये तो आपल्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि संघ? २००१ मध्ये ८९ पराभव, २००२ मध्ये ९०, २००३ मध्ये ९१. तिन्ही वर्षं गटात शेवटचा नंबर. कारण फलंदाजीत धावा होत होत्या, पण चेंडू फेकणारे कच्चे होते आणि जेवढ्या धावा व्हायच्या त्याहून जास्त ते देऊन बसायचे. गळत होतं एकीकडे आणि सोनं मढवलं दुसरीकडे. त्या काळात आपण बंदी असलेली औषधं घेत होतो, असं रॉड्रिगेझने २००९ मध्ये कबूल केलं. एवढ्या मोठ्या करारानंतर स्वतःला सिद्ध करण्याचं दडपण होतं, असंही त्याने सांगितलं. त्याच्या दोषाला ही सबब पुरत नाही. पण सगळा भार एकाच खांद्यावर टाकला की तो माणूसही वाकतो, हे त्यातून दिसतं.

२००४ च्या फेब्रुवारीत त्याला न्यूयॉर्क यांकीज संघाकडे पाठवलं. त्याच्या उरलेल्या पगारातले सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर टेक्सासनेच भरायचे, असं ठरलं. २०१० मध्ये संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा विनातारण धनकोंच्या यादीत पहिलं नाव रॉड्रिगेझचं होतं. आणि त्याच वर्षी, त्याच्याशिवाय, टेक्सासचा संघ प्रथमच अंतिम मालिकेत पोचला. उपांत्य मालिकेत त्यांनी यांकीजना हरवलं. शेवटचा बाद झालेला फलंदाज होता अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ. भाच्याचा त्या दिवशीचा फोन मला अजून आठवतो. तो हसत होता की रडत होता, ते कळत नव्हतं.

इथे थांबलो तर तात्पर्य सोपं आहे : तारे विकत घेऊ नका. पण दुसरी गोष्ट ऐका.

२०२१ मध्ये हाच संघ १०२ सामने हरला. मालक आता वेगळे होते. हंगाम संपताच संघाने कोरी सीगर याच्याशी दहा वर्षांसाठी साडेबत्तीस कोटी डॉलरचा आणि मार्कस सेमिअन याच्याशी सात वर्षांसाठी साडेसतरा कोटी डॉलरचा करार केला. दोघांवर मिळून ५० कोटी डॉलर! लोक हसले. पुढच्या वर्षी संघ पुन्हा ९४ सामने हरला, तेव्हा आणखी हसले. पण या वेळी मालक त्या दोघांवर थांबले नाहीत. जिथे गळती होती तिथे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांवर, पैसा घातला. तीन वेळा जगज्जेतेपद मिळवलेले ब्रूस बोची निवृत्तीत होते, त्यांना प्रशिक्षक म्हणून आणलं. आणि स्वतःच्या तालमीत तयार झालेली जॉश यंग, इव्हान कार्टर अशी पोरं तोवर हाताशी आली. २०२३ मध्ये टेक्सासने आपलं पहिलं अजिंक्यपद मिळवलं. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच महागडा सीगर. जेकब डीग्रॉम हा आणखी एक महागडा पिचर त्या वर्षी सहा सामन्यांनंतर जायबंदी झाला, तरीही संघ कोसळला नाही. भिंती उभ्या होत्या, म्हणून एक वासा निखळला तरी घर राहिलं.

ताऱ्यांच्या जोडीनेही घर उभं राहतंच असं नाही. लॉस एंजेलिस एंजल्स या संघात माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी हे दोघे २०१८ ते २०२३ असे सहा हंगाम एकत्र होते. त्या सहापैकी एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. मग ओहतानी त्याच शहरातल्या डॉजर्स या भरलेल्या संघात गेला आणि २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं जगज्जेता झाला.

श्रोतेहो, इथे मला दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगायला हवा. “ताऱ्यांवर उधळपट्टी नको” हे शहाणपण कंजूष मालकांना फार आवडतं. ओकलंडचा संघ २००२ मध्ये सुमारे चार कोटी डॉलरच्या खेळाडूंवर १०३ सामने जिंकला. तिप्पट खर्च करणारे यांकीजही त्या वर्षी १०३ च जिंकले. त्या काटकसरीवर पुस्तक आलं, सिनेमा आला, जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत तिचे धडे दिले गेले. पण पुढे ती काटकसर युक्ती राहिली नाही, सवय झाली. चांगला खेळाडू तयार झाला की तो महाग व्हायच्या आत देऊन टाकायचा. २०२३ मध्ये संघ ११२ सामने हरला. त्या जूनमध्ये एका मंगळवारी सत्तावीस हजारांवर लोक ठरवून मैदानात जमले आणि “संघ विका” म्हणून ओरडले. खेळाकडे पाठ फिरवणारे ते लोक नव्हतेच. मालकाने आपल्याकडे पाठ फिरवली, हे सांगायला ते आले होते. २०२४ चा हंगाम संपला आणि ५७ वर्षांनंतर संघ ओकलंड सोडून गेला.

मालकाला हे परवडतं, कारण तिथले संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग सामाईक खात्यात टाकतात आणि तो सर्वांत सारखा वाटला जातो. शिवाय शेवटचा नंबर आला म्हणून खालच्या लीगमध्ये कुणी ढकलत नाही. म्हणजे हरूनही दुकान चालतं. तिकीट काढणाऱ्याचं मात्र तसं नसतं. त्याचं आयुष्यातलं एक-एक वर्ष त्यात जातं.

आजचं ताजं उदाहरण पिट्सबर्ग पायरेट्सचं. या संघाने १९९२ नंतर बॅरी बॉण्ड्सला जाऊ दिलं आणि १९९३ ते २०१२ असे लागोपाठ वीस हंगाम तोट्यात काढले, म्हणजे विजय कमी, पराभव जास्त. आपल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना एका टीव्ही स्पर्धेतून निवडून २००८ मध्ये करारबद्ध केलं ते याच संघाने. स्वस्तात गुणवत्ता शोधायला ते सातासमुद्रापार आले. त्याला माझी ना नाही, ते कौतुकाचंच आहे. पण आता त्यांच्या घरातच हिरा आहे. पॉल स्कीन्स हा त्यांचा तरुण पिचर २०२५ मध्ये आपल्या लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला. तरी त्याच्या नावावर दहा विजय आणि दहाच पराभव लागले, कारण तो समोरच्याला रोखायचा आणि त्याच्या बाजूने धावाच व्हायच्या नाहीत. संघ ९१ सामने हरला. सध्याच्या नियमांनुसार २०२९ च्या हंगामानंतर स्कीन्स मोकळा होईल.

तर मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं. हरणाऱ्या संघाने पैसा खर्च करावा, जरूर करावा, पण क्रम चुकवू नये. आधी तालीम, म्हणजे पोरं घडवणारी माणसं. मग जिथे गळतं तिथलं छप्पर. आणि घर उभं राहतंय असं दिसलं की हात आखडता न घेता तारा आणावा. टेक्सासने २००० मध्ये शेवटची पायरी पहिल्यांदा चढली. ओकलंडने शेवटची पायरी चढायचीच नाही असं ठरवलं. दोन्हीकडे किंमत मोजली ती मांडवात बसलेल्या माणसाने.

पिट्सबर्गकडे त्या शेवटच्या पायरीसाठी चार हंगाम आहेत. दर वर्षी एप्रिलमध्ये नवी टोपी घालून मैदानात येणाऱ्या तिथल्या पोरांना काटकसरीचं तत्त्वज्ञान कुणी ऐकवू नये. त्यांच्या बापाने तिकिटाचे पैसे रोख मोजलेले असतात.