मतदार यादीतले आपले नाव

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, महानगरपालिकेची निवडणूक आणि आपण. मघाशी एक जण म्हणालेच, "अहो, नागपूरची निवडणूक तर जानेवारी २०२६ मध्ये होऊन गेली. आता हा विषय कशाला?" माझे म्हणणे उलटे आहे. हा विषय निवडणूक झाल्यावरच बोलायचा असतो. निवडणूक लागली की यादीचे दार बंद होते, मग कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही.

कसे ते सांगतो. महानगरपालिकेची स्वतःची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची जी यादी असते तीच राज्य निवडणूक आयोग एका ठराविक तारखेची घेतो आणि प्रभागवार फोडतो. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले, पण त्यासाठी यादी घेतली होती १ जुलै २०२५ ची. म्हणजे ज्या पोराने दिवाळीच्या सुट्टीत फॉर्म भरला, त्याचे नाव पुढे विधानसभेच्या यादीत आले असेल, पण महापालिकेला मत देणे त्याच्या नशिबी नव्हते. प्रभागाची कच्ची यादी लागली तेव्हा लोक नवे फॉर्म घेऊन झोन ऑफिसला गेले. पण ती हरकतीची मुदत नवे नाव घालण्यासाठी नसते. आपले नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले, लिहिण्यात चूक झाली, एवढ्यापुरतीच ती असते.

आणि ही संधी किती दिवसांनी आली होती? त्याआधीचे मतदान झाले २१ फेब्रुवारी २०१७ ला. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि पुढे जवळजवळ चार वर्षे प्रशासक बसला. या काळात गडर लाइन तुंबली, नळाला गढूळ पाणी आले, तर दाद मागायला आपण निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. २०१७ साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा नगरसेवकासाठी पहिले मत देईपर्यंत सव्वीस वर्षांचा झाला! तोही, यादीत नाव असेल तर.

आता कोणी म्हणेल, नगरसेवक म्हणजे नाली आणि रस्ता, त्यात काय एवढे मोठे? बंधूंनो, महाड आठवा. चवदार तळे आपण सगळे जाणतो, पण त्या लढ्यातला नगरपालिकेचा भाग आपण भाषणांत विसरतो. १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, तेव्हा सुरबानाना टिपणीस अध्यक्ष होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्याच तळ्याचे पाणी प्राशन केले. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! तळे तेच, पाणी तेच. ठरावाने उघडले, ठरावाने बंद केले. मग कोर्टकज्जा झाला आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला. त्या काळी मत कोणाला होते? ज्याच्याकडे मालमत्ता, जो कर भरतो, त्याला. ज्यांच्या पाण्याचा निर्णय होत होता त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात मतच नव्हते.

म्हणून तर बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढे अस्पृश्यांसाठी मताची अट खाली आणा असे सांगितले आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सरसकट प्रौढ मतदानाची मागणी केली. पुढे संविधानात कलम ३२६ आले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी संविधान सभेला हेही सांगितले, की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे आपल्या देशात भिक्खू संघाला ठाऊक होते. संघात शलाका घेऊन मत मोजत. तेव्हा मतदान ही विहाराला परकी गोष्ट आहे असे कोणी समजू नये.

आता आपल्या माताभगिनींकडे येतो, कारण यादीतला खरा घोळ इथे असतो. मुलगी लग्न करून सासरी गेली, नाव राहिले माहेरच्या यादीत. सून आली, तिचे नाव कोणी घातलेच नाही. घरातल्या पुरुषांची नावे बरोबर, आणि आईच्या नावापुढे वडिलांचे वय! राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत. रविवारची वंदना ज्यांच्या जिवावर चालते, त्यांचीच नावे यादीत नसावीत हे बरे दिसत नाही. पत्ता बदलला किंवा नाव-वय चुकले, तर फॉर्म नंबर ८. पहिल्यांदा नाव घालायचे तर फॉर्म नंबर ६. घरातले कोणी वारले असेल तर फॉर्म नंबर ७ भरून नाव कमी करा. वाईट वाटते, पण मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी मत टाकून जातो, ते त्याहून वाईट. दोन ठिकाणी नाव ठेवणे हाही गुन्हा आहे, "असू द्या, कामाला येईल" म्हणू नका.

पूर्वी वय मोजायची तारीख एकच होती, १ जानेवारी. २०२२ पासून चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलाला वर्षभर थांबावे लागत नाही. स्वतःचे घर लागत नाही, भाडेकरूचेही नाव लागते. अगदी उघड्यावर राहणाऱ्याचेही लागते, बीएलओने रात्री येऊन तो तिथे झोपतो की नाही हे पाहायचे असते. आणि कार्ड खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असे समजू नका. मत यादीवर पडते, कार्डावर नाही.

मतदानाच्या दिवशीचा आणखी एक गैरसमज. नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार जागा. आपले काही लोक म्हणतात, "आपली राखीव जागा एवढीच आपली, बाकीच्यांशी काय देणेघेणे?" अहो, १९३२ च्या पुणे करारापासून मतदारसंघ संयुक्त आहे. राखीव जागेवरचा उमेदवार सगळा प्रभाग निवडतो, आणि खुल्या जागेवरचा उमेदवारही आपल्या मतांनी निवडून येतो. चारही जागांचे मत द्यायचे असते. एखाद्या जागेचा कोणीच पसंत नसेल तर तिथे नोटा दाबा. आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेला असेल, तर भांडून घरी येऊ नका. प्रदत्त मत मागा, तो आपला हक्क आहे.

पाकिटाबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पाचशे रुपयांना पाच वर्षांनी भागा, दिवसाला सत्तावीस पैसे येतात. एवढ्यात टपरीवर चहासुद्धा मिळत नाही. कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही दोषी आहेत.

समितीला माझी विनंती आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. पुढच्या चार रविवारी वंदनेनंतर विहारात टेबल लागेल. आपल्या भागाची यादी तिथे राहील, दोन शिकलेली मुले बसतील. येताना आधार कार्ड, जन्मतारखेचा दाखला किंवा टीसी, विजेचे बिल किंवा बँकेचे पासबुक आणि एक फोटो आणा. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी मुले जातील, फक्त नाव सांगून ठेवा. जयभीम! नमो बुद्धाय!